हिरवी टिक: पार्ल्यातल्या एका संध्याकाळचं प्रकरण

पार्ले पूर्वेला, स्टेशनपासून दहा मिनिटांच्या चालीवर, तीन मजल्यांची एक जुनी इमारत आहे. लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर नाना राहतात. वय ७८, बँकेतून निवृत्त, पत्नी जाऊन सहा वर्षं झाली, एकुलती लेक टोरांटोला. मी त्यांची फॅमिली डॉक्टर, माझा दवाखाना त्याच गल्लीच्या तोंडाशी. नानांच्या आणि लेकीच्या परवानगीनेच हे लिहिते आहे. ओळख पटेल असं सगळं बदललंय. वेळांना मात्र हात लावलेला नाही, कारण हे प्रकरणच वेळेचं आहे.

नानांच्या घरात आणखी एक जण असतो. कमरेच्या थोडा वर येईल एवढा, खाली चाकं आणि डोक्याच्या जागी पडदा. लेकीने दोन वर्षांपूर्वी आणून ठेवलेला रोबो. नानांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव बंड्या ठेवलं आणि कंपनीने दिलेलं नाव सगळे विसरून गेले. बंड्या ठरलेल्या वेळी हाक मारतो, गोळ्यांची आठवण करतो, "चहा झाला का" असं विचारतो. उत्तर आलं की लेकीच्या फोनवर त्या वेळेसमोर हिरवी टिक पडते. तीन हाकांना उत्तर आलं नाही, तर लेकीला आणि शेजारच्या वहिनींना इशारा जातो. लेक तिकडून त्याला घरभर फिरवू शकते, पडद्यावर दिसते, बोलते. बस, एवढंच. त्याला हात नाहीत.

रोबो म्हटलं की लोकांना शस्त्रक्रिया आठवते. २००१ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला बसलेल्या सर्जननी स्ट्रासबुर्गमधल्या ६८ वर्षांच्या बाईंचं पित्ताशय काढलं होतं. २०१८ च्या डिसेंबरमध्ये डॉ. तेजस पटेल यांनी सुमारे ३२ किलोमीटरवरून अहमदाबादच्या रुग्णाची अँजिओप्लास्टी केली. ते हातवाले रोबो, आणि त्यांच्याही पलीकडच्या टोकाला रुग्णाजवळ अख्खी टीम उभी होती. म्हाताऱ्या माणसाच्या घरात येतो तो बहुतेक वेळा बिनहाताचा. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाने २०२० मध्ये करोनाच्या रुग्णांसाठी ‘रक्षक’ बनवला, तोही ह्याच जातीचा: ताप, नाडी, ऑक्सिजन बघायचा आणि डॉक्टर-रुग्णाचं लांबून बोलणं करून द्यायचा.

बंड्याला पार्ल्यातलं घर सोसत नाही, हे आधी सांगून टाकते. जुन्या घरांना उंबरे असतात. सुताराकडून बेडरूमच्या उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी फळीचा उतार लावून घेतला, तेव्हा कुठे तो आत जायला लागला. बाथरूममध्ये तर जाताच येत नाही, आणि म्हातारी माणसं पडतात नेमकी तिथेच. शिवाय नाना कपडे बदलताना, दुपारी झोपताना बंड्याच्या डोक्यावर पंचा टाकतात. "लेक असली म्हणून काय झालं," हे त्यांचं म्हणणं, आणि ते मला तेव्हाही रास्त वाटत होतं, आजही वाटतं.

शुक्रवार

जुलैतला शुक्रवार, सकाळपासून कोसळत होता. स्वयंपाकाच्या बाई सव्वादोनला निघाल्या तेव्हा नाना ठणठणीत होते. सबवेत पाणी भरलं असेल, पुलावरून जा, असं त्यांनी बाईंना बजावूनही सांगितलं होतं.

४.४० ला बंड्याने चहाचं विचारलं, उत्तर आलं, टिक पडली. ५.३० ला घरातल्या घरात चार फेऱ्या मारायची आठवण केली, उत्तर आलं, टिक पडली. ६.४५ ला हाक मारली तेव्हा उत्तर आलं नाही. ६.५० लाही नाही. ६.५५ ला इशारा गेला.

टोरांटोत तेव्हा सकाळचे ९.२५. लेक ऑफिसच्या वाटेवर होती. तिने फोनवर बंड्याचा कॅमेरा उघडला तर समोर लाल-पांढऱ्या चौकड्या. पंचा. दुपारी टाकलेला, काढायचा राहिलेला. मग या मुलीने जे केलं ते मला अजून थक्क करतं. ज्या घरात ती वाढली ते घर तिने डोळे मिटून आठवलं, बंड्याला अंदाजाने डावीकडे नेऊन जेवणाच्या टेबलाखाली घातलं आणि मागेपुढे करत राहिली. टेबलाच्या कडेला अडकून पंचा एकदाचा खाली पडला. चार मिनिटं गेली. तिथून बेडरूमच्या अर्धवट लोटलेल्या दाराला धक्का देत आत. पलंगापाशी जमिनीवर एक पाऊल दिसलं, तळवा वर केलेलं.

वहिनींकडे किल्ली असते. ७.१० ला त्या आत होत्या, ७.१२ ला मला फोन. वरच्या मजल्यावरचे काका तोवर फोडलेला कांदा आणि पाण्याचा पेला घेऊन हजर झाले होते. मी फोनवरूनच सांगितलं, तोंडात काही घालू नका, पाण्याचा थेंबसुद्धा नाही, कुशीवर वळवून ठेवा. मेंदूचा झटका, म्हणजे स्ट्रोक, आलेल्या माणसाला गिळता येतं की नाही हे तपासल्याशिवाय पाणी पाजलं तर ते फुप्फुसात उतरतं. वहिनींनी त्याच वेळी १०८ लावला. मी भिजत पोहोचले तेव्हा ७.२० झाले होते.

तोंड डावीकडे ओढलेलं. उजवा हात उचलला की धपकन खाली. बोलणं म्हणजे नुसता भरडा, पण मी काय म्हणते ते त्यांना कळत होतं. बोटाला सुई टोचून साखर बघितली, १४२. ही तपासणी आधी करायची, कारण साखर फार खाली गेली की हुबेहूब असंच दिसतं आणि ते ग्लुकोजने उतरतं. रक्तदाब १७८/९६.

इथे माझी एक कबुली. माझा हात बॅगेकडे गेला होता. आमच्या पिढीच्या डॉक्टरांना सवय आहे, प्रेशर चढलेलं दिसलं की जिभेखाली कॅप्सूल. तेवढ्यात मी फोन केलेले न्यूरॉलॉजिस्ट ७.२८ ला बंड्याच्या पडद्यावर आले. ते गिरगावात त्यांच्या कन्सल्टिंग रूममध्ये होते, आणि त्या पावसात त्यांना पार्ल्याला यायचं म्हटलं तर दोन तास. लेकीने त्यांना लिंक पाठवली होती. पहिलं वाक्य: "मॅडम, प्रेशर राहू द्या. १८५/११० च्या खाली आहे ना, मग पाडू नका. अडलेल्या भागाला तेच रक्त पोचवतंय." दुसरं: "अ‍ॅस्पिरिन दिली नाहीत ना?" दिली नव्हती. मेंदूत गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झालाय, हे सीटी स्कॅन होईपर्यंत कुणालाच माहीत नसतं.

वाय-फाय मध्येच अडखळत होतं. चित्र थांबलं की आवाजही तुटायचा. शेवटी चित्र बंड्यावर ठेवलं आणि आवाज माझ्या मोबाइलच्या स्पीकरवर घेतला. मग चित्र गोठलं तरी संवाद चालू राहिला. या साध्या जुगाडाने जेवढी मदत केली तेवढी बंड्याच्या कुठल्याच सोयीने केली नसेल. सर सांगत होते, मी करत होते: डोळे डावी-उजवीकडे, हात दहा सेकंद वर, पाय पाच सेकंद, घड्याळ दाखवून "हे काय?" एनआयएचएसएस या स्ट्रोकची तीव्रता मोजणाऱ्या ४२ गुणांच्या मोजपट्टीवर नानांचे ९ झाले. मध्यम तीव्रता.

लांबून केलेली अशी तपासणी कितपत भरवशाची, हा प्रश्न मला पुष्कळ जण विचारतात. कॅलिफोर्नियात २२२ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २००८ साली आले. निम्म्यांबाबत तज्ज्ञाला व्हिडिओ मिळाला, निम्म्यांबाबत नुसता फोन. उपचाराचा निर्णय व्हिडिओच्या गटात ९८ टक्के वेळा बरोबर निघाला, फोनच्या गटात ८२ टक्के. तेव्हा चित्राला किंमत आहे. पण त्या संध्याकाळी गाडी अडली ती चित्रावर नव्हे.

साडेपाचची टिक

सरांनी विचारलं, "शेवटचे धडधाकट कधी होते?"

स्ट्रोकमध्ये हा प्रश्न बाकी सगळ्यांच्या वर. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. उशीर झाला की मेंदूतला भाग मरू लागतो आणि तिथे रक्तस्रावाचा धोका फायद्याच्या वर जातो. मोठी रक्तवाहिनी अडलेली असेल तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात, असा हिशोब आहे. लक्षणं नक्की कधी सुरू झाली हे पाहिलेलं नसेल, तर माणूस शेवटचा ठीक असल्याची खात्री आहे ती वेळ धरतात.

लेक पडद्याच्या दुसऱ्या अर्ध्यातून म्हणाली, "साडेपाच. साडेपाचला उत्तर दिलंय बाबांनी. माझ्याकडे टिक आहे."

साडेपाच म्हणजे दहा वाजेपर्यंत मुदत. सगळ्यांच्या खांद्यावरचा भार थोडा उतरला. मग दादरला जिथे नानांची हृदयाची जुनी फाइल आहे तिथेच नेऊ या, ते डॉक्टर त्यांना ओळखतात, अशी बोलणीही सुरू झाली. मीही मान डोलावली.

सर म्हणाले, "काय उत्तर दिलं?"

लेक गप्प. टिकेत शब्द नसतात. पण बंड्या उत्तरांचा आवाज एक दिवस साठवून ठेवतो, हे तिच्या लक्षात होतं. तिने शोधून तो लावला. आधी ४.४० चा: "झाला रे बाबा, आल्याचा केलाय. तुला मिळणार नाही." खणखणीत, नेहमीचे नाना. मग ५.३० चा. खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि मग "हंऽ... च्... चल..." असं काहीतरी, ओलं, घसरलेलं. खोलीत कुणी बोललं नाही. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

बंड्याला आवाज ऐकू आला होता. आवाज म्हणजे उत्तर, आणि उत्तर म्हणजे टिक.

सर म्हणाले, झोपेतून उठल्याचाही असू शकतो, पण शंका असली की मागची वेळ धरायची. ४.४०. म्हणजे मुदत ९.१०. घड्याळात ७.३९ झाले होते. दादरचा विषय तिथेच संपला. सीटी आणि स्ट्रोकची टीम दोन्ही चालू असलेलं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल कोणतं, एवढाच प्रश्न उरला. गल्लीपासून सर्वांत जवळचं होतं तिथे मी फोन लावला, तर सीटीचा माणूस नऊला येतो असं उत्तर मिळालं. सरांनी दुसऱ्या एका ठिकाणी स्वतः फोन करून टेबल मोकळं ठेवायला सांगितलं.

मंगळवारचा खण

आता दुसरी टिक. नानांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात. अशा हृदयात रक्त साकळून गुठळी होऊ शकते, म्हणून त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, सकाळ-संध्याकाळ. ही गोळी गेल्या ४८ तासांत घेतलेली असेल तर ते इंजेक्शन सहसा देत नाहीत. बंड्याच्या नोंदीत त्या दिवशी सकाळी आठला प्रश्न होता, "गोळ्या घेतल्या का?" उत्तर, तेही अगदी स्पष्ट: "घेतल्या." हिरवी टिक. म्हणजे वेळेत पोहोचूनही हात बांधलेले.

सर म्हणाले, डबा दाखवा.

डबा फ्रिजवर असतो. बंड्याचा कॅमेरा तिथवर पोचत नाही. वहिनींनी तो काढून पडद्यासमोर धरला. प्लॅस्टिकचा, सात दिवसांचे दोन-दोन खण, झाकणांवर लेकीने मार्करने लिहिलेलं सोम, मंगळ, बुध. सोमवार रिकामा. मंगळवारचं झाकण उघडलं तर आत एकच बारकी गोळी पडलेली. बाकीच्या घेतलेल्या, तेवढी एक ठेवलेली. बुधवारी तसंच. गुरुवारी, शुक्रवारी सकाळी तसंच. प्रत्येक खणात तीच एक गोळी, निवडून बाजूला काढल्यासारखी, तांदळातला खडा ठेवावा तशी.

मी नानांच्या कानाशी वाकून विचारलं, "नाना, रक्ताची गोळी बंद केलीत का?" त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. हो.

कारण नंतर कळलं. दात घासताना हिरडीतून रक्त आलं होतं. मला सांगितलं तर मी रागवेन, लेकीला सांगितलं तर ती घाबरेल. म्हणून आपणच बंद केली, आणि बंड्याला रोज "घेतल्या" म्हणून सांगत राहिले, कारण नाही म्हटलं की तो दहा मिनिटांनी पुन्हा विचारतो. माझा नानांवर राग नाही. हिरडीतून रक्त येणं ही पेशंटच्या दृष्टीने खरी भीती असते. गोळी लिहून देताना मी त्याबद्दल दोन वाक्यं बोलायला हवी होती, ती बोलले नव्हते. झटका बहुधा त्या चार दिवसांनीच आणला. आणि त्याच चार दिवसांमुळे इंजेक्शनची वाट मोकळी राहिली.

म्हणजे बघा, दोन टिका, दोन्ही खोट्या, आणि दोन विरुद्ध दिशांना ओढणाऱ्या. एकीवर विसंबलो असतो तर मुदत उलटून इंजेक्शन दिलं गेलं असतं. दुसरीवर विसंबलो असतो तर मुदतीत असूनही दिलं गेलं नसतं.

जिना

१०८ ची गाडी ७.५० ला फाटकात आली. पश्चिमेकडून निघाली होती, अंधेरी सबवे पाण्याखाली म्हणून वळसा पडला. २०१४ पासून ही सेवा आपल्याकडे आहे, पैसे लागत नाहीत, गाडीत डॉक्टर असतो. त्या तरुण डॉक्टरांनी माझी चिठ्ठी वाचली, पडद्यावरच्या सरांशी अर्धा मिनिट बोलले आणि कामाला लागले. जबाबदारी कुणाची यावर वाद झाला नाही. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट आहे: एका डॉक्टरने दुसऱ्याचा लांबून सल्ला घेतला तरी उपचार करणारा तोच राहतो. आणि तातडीच्या प्रसंगी रुग्णाला लवकरात लवकर प्रत्यक्ष डॉक्टरसमोर न्यायचंच.

स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर फिरेना. मग जाड चादरीची झोळी केली. इमारतीतली दोन मुलं, गाडीचा ड्रायव्हर आणि वरचे काका, चौघांनी चार टोकं धरली. बंड्या दारापर्यंत आला. मुख्य दाराच्या उंबऱ्याला उतार नाही, तिथे त्याची चाकं टेकली आणि तो थांबला. पडद्यावर लेकीचा चेहरा. झोळी वळणाआड गेली तरी ती मान वाकडी करून बघत होती, जणू पडद्याच्या कडेपलीकडचं दिसेल. वहिनी परत वर आल्या, बंड्याला उचलायचा प्रयत्न केला, जमला नाही. मग त्याच्यासमोर जिन्यातच बसल्या आणि गाडी निघेपर्यंत खालचं काय काय दिसतंय ते तिला सांगत राहिल्या.

गोळ्यांचा डबा मी बरोबर घेतला होता. ८.०२ ला निघालो, ८.२० ला पोहोचलो. ८.२९ ला सीटी, रक्तस्राव नाही. रक्ताच्या तपासण्या ठीक. डबा तिथल्या टीमनेही उघडून पाहिला. ८.५८ ला इंजेक्शन सुरू झालं. मुदतीला बारा मिनिटं होती. वाहिन्या दिसाव्यात म्हणून कॉन्ट्रास्ट देऊन केलेल्या स्कॅनमध्ये मोठी वाहिनी अडलेली नव्हती, त्यामुळे तारेने गुठळी ओढून काढायची वेळ आली नाही.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. दुसऱ्या दिवशी उजवा हात पलंगावरून उचलू लागले. तीन महिन्यांनी काठीने चालतात, बोलणं जवळजवळ पूर्ववत आहे, पण दमले की शब्द अडतो. सही येत नाही. बँकेतल्या माणसाची सही जाणं काय असतं ते त्यांच्याकडे बघून कळलं.

नंतर

सगळ्यात कडू भाग आवाजाचा झाला. आपली उत्तरं साठवली जातात हे नानांना माहीतच नव्हतं. हॉस्पिटलमधून आल्यावर कळलं तेव्हा ते लेकीशी दोन दिवस बोलले नाहीत. त्याच साठवणीने वाचलो, हे मान्य करूनही. मला दोन्ही बाजू पटतात आणि मी मध्ये पडले नाही. शेवटी त्यांनी स्वतः अट घातली: आवाज ठेवायचा, पण ऐकायचा तो तिसरी हाक चुकली तरच. पंचा चालूच राहील. झोपून उठले की तो वहिनींनी ओढायचा.

प्रश्न मात्र लेकीने बदलले. हो-नाहीवर भागेल असं बंड्या आता विचारत नाही. साडेपाचला विचारतो, "आज भाजी कोणती होती?" कारण "दोडक्याची" हा शब्द जीभ जड झालेल्या माणसाला धड म्हणता येत नाही. कंपनीला आम्ही दोघींनी मिळून सविस्तर मेल केला: आवाज ऐकू आला आणि उत्तर समजलं, या दोन गोष्टींना दोन वेगळ्या खुणा द्या. आपली सूचना नोंदवून घेतली आहे, असं उत्तर आलं. टिक अजून हिरवीच पडते.

नानांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले. "डॉक्टरीणबाई, छत्तीस वर्षं लेजरला टिका मारल्या मी. निम्म्या न बघता."

आता रोज रात्री साडेआठला वहिनी येतात, फ्रिजवरचा डबा उतरवतात आणि त्या वाराचा खण उघडून नानांसमोर उलटा करतात. नाना कुरकुरतात, एकाला दोन पहारेकरी म्हणून. परवा मी तिथे होते. वहिनींनी खण उलटा केला, त्यातून काही पडलं नाही, आणि कोपऱ्यातून बंड्याने विचारलं, "नाना, गोळ्या घेतल्या का?" नानांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. डाव्या हाताने वहिनींकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "त्यांना विचार."

बंड्याने टिक मारली.